नऊ ओळींचा शब्द

कोशाच्या कचेरीत शब्द वाजतगाजत येत नाहीत. चिठ्ठीवर बसून येतात. पंजाएवढी चिठ्ठी, तिच्यावर चार रकाने: शब्द, अर्थ, मूळ आणि शेवटी 'कुणाच्या तोंडून'. पहिल्या तिन्हींत काही चुकलं तरी मोठे सर रागावत नसत. चौथा मोकळा दिसला, की मात्र ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "याला आईबाप नाहीत का? बेवारस शब्द आपल्याकडे नको." मग ती चिठ्ठी टोपलीत जाई आणि तिच्यावरचा शब्द भाषेतून गेल्यासारखाच होई.

अक्का या कचेरीत सत्तावीस वर्षं होती. खरं तर ती कुणाचीच अक्का नव्हती; आईबापांना एकुलती एक. पण कामाला लागली त्या दिवशी शिपायानं तिला अक्का म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तीन खिडक्यांची लांबट खोली, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, जुन्या कागदाचा गोडसर कोरडा वास. खालच्या मजल्यावर छापखाना. तिथलं यंत्र सुरू झालं, की टेबलावरच्या चहाला बारीक लाटा येत.

समोरच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ बसत. सगळी कचेरी त्यांना 'कानामात्रा' म्हणे. एखादा काना हरवला तर या माणसाला घास गिळवत नसे.

कोशाची दुसरी आवृत्ती निघायची होती. जुन्या नोंदी तपासायला अक्षरं वाटून घेतली होती. 'थ' अक्कानं मागून घेतला.

"थ मध्ये असं काय सोनं लागलंय?" कानामात्रांनी विचारलं.

"लहान अक्षर आहे. लवकर उरकेल."

"अकरा वर्षांपूर्वी पण तुम्हीच घेतला होतात. प्रेमच दिसतंय थ वर."

अक्का हसली नाही. तिनं पान उघडलं. उघडायला शोधावं लागलं नाही. बोटाला ते ठाऊक होतं.

*थोपवणी. न. जाणाऱ्याला थोपवून धरण्यासाठी पाजायचे मंतरलेले पाणी. पहाटेचे न ढवळलेले पाणी, त्यात मध व पाजणाऱ्याच्या केसाची राख. ते ओंजळीने एका घोटात पाजतात. पाजणारा तोंडाने 'जा' म्हणेपर्यंत पिणाऱ्याचा जीव जात नाही. [थोपवणे + वणी = पाणी, जसे मिठवणी.] 'थोपवणी पाजिलं लेकीनं ओंजळीनं । जीव उंबऱ्यात उभा तिच्या बोलाविनं ॥' (एका वृद्ध स्त्रीकडून ऐकीव.)*

छापलेल्या नऊ ओळी. त्यांतली एकही खरी नव्हती.

हा शब्द भाषेत नव्हताच. अक्कानं तो एका दुपारी, पाऊण तासात, याच खुर्चीत बसून जन्माला घातला होता. त्या दिवसांत तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई जाऊन आठच दिवस झाले होते. एकच नोंद तिच्या हातून दोन चिठ्ठ्यांवर चढली, दोन्ही पानात गेल्या, आणि अगदी शेवटच्या मुद्रितात कानामात्रांच्या नजरेला पडल्या. एक काढली. पान नऊ ओळींनी तोकडं पडलं. पुढची सोळा पानं छापून वाळत घातली होती, त्यामुळे मजकूर वर सरकवायची सोय नव्हती. छापखान्याचा फोरमन दारात उभा राहून म्हणत होता, "बाई, नऊ ओळी द्या, नाहीतर मी मोठ्या सरांना बोलावतो."

तिनं नऊ ओळी दिल्या. खरं तर लिहिताना त्या अकरा झाल्या होत्या. ओवीला ओवी सुचत गेली होती. पण जागा नऊचीच होती, म्हणून दुसरी ओवी तिनं खोडली, कागद चुरगाळला आणि खाली छापखान्याच्या शेगडीत स्वतःच्या हातानं टाकला. मागाहून कुणी विचारलंच तर असावी म्हणून एक चिठ्ठीही करून खणात ठेवली. चौथ्या रकान्यात लिहिलं, 'एक वृद्ध स्त्री'.

कुणी विचारलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं अकरा वर्षं तिचं तिलाच खवखवत राहिलं. रस्त्यात कुणाच्या हातात तो जाड निळा खंड दिसला, तरी ती पदपथ बदलायची. आता दुसऱ्या आवृत्तीत ती नोंद गुपचूप काढून टाकायची आणि मोकळं व्हायचं, एवढ्यासाठी तिनं थ मागून घेतला होता.

ती उठली. खण ओढला. तिची चिठ्ठी होती तिथंच होती. तिच्यामागे आणखी चौदा होत्या.

"या कुठून आल्या?"

"टपालानं," कानामात्रा म्हणाले. "लोकांचा लाडका शब्द दिसतो. वर्षाला एक-दोन पत्रं येतातच. मी आपल्या चिठ्ठ्या करून मागे सारतो. का, बिघडलं का काही?"

"मला सांगायचं होतंत."

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं? उलट आनंद माना. आता तो बेवारस नाही."

अक्का उभ्यानंच वाचत गेली. एका परिचारिकेच्या आत्याच्या तोंडून. एका नावाड्याच्या थोरल्या भावाच्या तोंडून. एका निवृत्त मास्तरांच्या आजीच्या तोंडून, 'मी सात वर्षांचा असताना ऐकलेला'. मास्तरांचं वय खाली दिलं होतं, एकोणऐंशी.

तिनं मनाला समजावलं. छापलेल्याची भुरळ असते. माणूस वाचतो आणि मग त्याला आठवल्यासारखं वाटतं. सत्तावीस वर्षांत असे किती नमुने तिनं पाहिले होते; आपल्या पणजोबांनीच अमुक शब्द काढला म्हणून भांडायला येणारे. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

चौदाव्या चिठ्ठीवर एकच ओळ होती. 'पाजताना आणि सोडताना मान खाली घालायची नाही.'

हे नोंदीत नव्हतं. हे अक्कानं कधीच लिहिलं नव्हतं. फक्त लिहिताना तिच्या मनात होतं.

नोंद खोडायला घेतलेली तांबडी पेन्सिल तिच्या बोटांत तशीच राहिली.

दुपारी अडीचच्या सुमारास एक माणूस आत आला. चाळिशीचा, अंगानं किरकोळ. चष्म्याच्या दुकानात काम करतो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र दोऱ्यानं बांधलेली होती. दिव्याखाली अंधार, असं कानामात्रा पुटपुटले. तो माणूस बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कानांकडे बघायचा. धंद्याची सवय असावी.

"तुमच्या कोशात एक नोंद अर्धवट आहे," तो म्हणाला.

"कुठली?" कानामात्रांची पेन्सिल टवकारली.

"थोपवणी. पाजणारा 'जा' म्हणेपर्यंत, असं लिहिलंय. पाजणारं माणूसच राहिलं नाही तर काय, ते लिहिलेलं नाही."

अक्कानं त्याला खुर्ची दिली. तो टोकावर बसला.

"आईचं वय चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. माझी बहीण शाळेत शिकवायची. तुमचा तो निळा कोश तिच्या उशाशी असायचा. तिनं त्यात बघून केलं ते पाणी. मी हसलो तिला. म्हटलं, पाणीच आहे, पाज. तेवढंच तुझं समाधान."

"मग?"

"आई बरी नाही झाली हो. नुसती राहिली. आणि तीन आठवड्यांनी बहीण शाळेतून येताना रस्ता ओलांडत होती…" त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्याला सात महिने झाले. आई खात नाही, पीत नाही. नाडी लागत नाही. पण बोलते. डॉक्टर यायचे, हात धरायचे, सोडायचे, आणि जिना उतरताना मागं बघायचे नाहीत. आता येतच नाहीत."

यंत्र खाली सुरू झालं. कपातला चहा थरथरला.

"तुम्ही म्हणून बघितलंत?" अक्कानं विचारलं.

"'जा' म्हणून? बघितलं. बाई, कोपऱ्यावरच्या दुकानात निघालो तरी आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण मी जन्मदात्या आईला 'जा' म्हटलं. रोज म्हणतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. ती जात नाही."

"आई म्हणते, लिहिणारीला घेऊन ये."

"लिहिणारी कुठली?" कानामात्रा म्हणाले. "कोशावर नाव मोठ्या सरांचं आहे. पुरुष आहेत ते."

"सांगितलं मी. म्हणाली, सर नव्हे, बाई आहे. मान खाली घालून बसलेली असेल."

"अहो, इथं सगळेच मान खाली घालून बसतात!" कानामात्रा हसले. मग अक्काकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

अक्कानं पिशवी उचलली. "चला," ती म्हणाली.

वाट वीस मिनिटांची होती. ऊन कलतं, रस्ते रोजचेच. एकजण दुकानाच्या पायऱ्या धूत होता, दोन बाया बसथांब्यावर कुणाची तरी निंदा करत होत्या. अक्का चालता चालता मनात वाक्यं जुळवत होती. तिचा बेत साधा होता. या घरानं विश्वासाची गाठ मारून घेतली आहे. ती गाठ आपल्या खोट्यानं पडली, तर आपल्या खऱ्यानं सुटेल. म्हातारीला सांगायचं, असा शब्दच नाही, असं पाणीच नाही. लाज जाईल, कदाचित नोकरीही जाईल. जाऊ दे. एका म्हाताऱ्या जिवाचे सात महिने आपल्या नऊ ओळींपायी गेले होते.

चार मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं, सगळी बंद. जिन्यात साबणाचा वास. चौथ्या मजल्यावर चष्मेवाल्यानं किल्ली लावली.

"आई, आणलं बघ," तो दारातूनच म्हणाला आणि अक्काला पुढे करून स्वतः मागेच थांबला.

खिडकीशी खाट. स्वच्छ, ताणून घातलेली चादर. आजाऱ्याच्या खोलीला वास असतो. औषधाचा, घामाचा, उतू गेलेल्या दुधाचा. इथं कसलाच वास नव्हता. म्हातारी उताणी पडली होती, इतकी हलकी की उशीला खळगासुद्धा पडला नव्हता. श्वासानं चादर हलायला हवी होती. ती हलत नव्हती.

ओठ हलले.

"आलीस? केवढा उशीर गं."

अक्का स्टुलावर बसली. जुळवलेली वाक्यं तिनं एका दमात सांगून टाकली. "आजी, मी माफी मागायला आलेय. तो शब्द खरा नाही. मी बनवला. पान तोकडं पडलं होतं, नऊ ओळी हव्या होत्या, म्हणून मनानं लिहिलं. असं पाणी नसतं. तुम्हाला कुणीही थोपवलेलं नाही."

"नऊच का?" म्हातारीनं विचारलं. "मी तर अकरा सांगितल्या होत्या."

दारात चष्मेवाल्यानं पाय बदलला, फरशी वाजली.

"आपण आज पहिल्यांदा भेटतोय, आजी."

"मग ती वृद्ध स्त्री कोण लिहिलीस?"

"कुणी नाही. रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून…"

"मला वृद्ध म्हणालीस, त्याचं काही नाही. होतेच मी म्हातारी." म्हातारीच्या गळ्यात काहीतरी घरघरलं. ती हसत असावी. "पण पुढचं टाकायला नको होतंस. त्यावाचून अडलंय सगळं."

आणि तिनं, सुरात नव्हे आणि बोलण्यातही नव्हे, त्या दोहोंच्या मधल्या आवाजात म्हटलं,

*लेक गेली पुढं, मागं कोण सोडवी गं ।*
*जिनं शब्द आणिला, तिला बोलवा गं ॥*

अक्काला शेगडीतला तो कागद दिसला. कडा तांबड्या होत, आत मुडपत गेलेला. तो पुरता राख होईपर्यंत ती तिथं उभी राहिली होती.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मीच तुला सांगितलं. तू ऐकत होतीस, पण बघत नव्हतीस. मांडीवर कागद होते तुझ्या."

त्या कागदांचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कानामात्रांना नाही, मोठ्या सरांना नाही, समाचाराला आलेल्या एकाही माणसाला नाही. आईच्या शेवटच्या दिवशी ती खाटेशी बसून मुद्रितं तपासत होती. मुदत जवळ आली होती. आई काय, महिनाभर तशीच होती. दुपारी आईनं काहीतरी विचारलं. झोपेत बोलते आहे, कूस बदलायची असेल, असं वाटून अक्कानं ओळीवरची नजर न काढता उत्तर दिलं. ती ओळ संपली, पुढचीही संपली. मग तिनं वर पाहिलं.

आईनं काय विचारलं आणि आपण काय म्हणालो, हे तिनं अकरा वर्षांत स्वतःशीसुद्धा पुन्हा उच्चारलं नव्हतं. ते उच्चारायला नको म्हणूनच तर त्या दुपारी नऊ ओळींत एक पाणी सांडलं होतं, जे पाजलं असतं तर तसल्या उत्तरानं कुणी गेलं नसतं. पण लिहिताना सोडवणारा म्हणून तिनं आपल्या उत्तरातला तोच शब्द घातला. दुसरा सुचलाच नाही.

"विचारू?" म्हातारी म्हणाली.

"नको."

"मी किती दिवस अशी पडून राहू? बघ तरी माझ्याकडे."

अक्काची नजर स्वतःच्या मांडीवर होती. मांडी रिकामी होती.

"जाऊ का मी?" म्हातारीनं विचारलं.

आवाज आईचा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. भास म्हणून सोडून देता आला असता. आवाज या बाईचाच होता. शब्द तेवढे आईचे होते. आणि 'जाऊ का'नंतरची ती जराशी उसंतही.

अक्कानं मान वर केली.

म्हातारीचे डोळे कोरडे, निवळ होते. त्यांत खिडकी दिसत होती. खिडकीत उजेड होता. अक्काच दिसत नव्हती.

"जा," अक्का म्हणाली.

काही झालं नाही.

"हो. जा तू. मी बघतेय."

चादर एकदाच वर उचलली गेली, आणि बसली.

मग उशीला खळगा पडला.

मग खोलीत वास आला. सात महिन्यांचा, एकदम.

चष्मेवाला भिंतीला धरून खाली बसला होता. तोंडावर रुमाल धरून तो हुंदके देत होता. "सुटली," तो म्हणत होता, "सुटली हो बाई. कसे उपकार फेडू तुमचे."

उपकार हा शब्द अक्काला कुसळासारखा लागला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खिडकी सताड उघडली आणि बाहेर आली. दार ओढून घेताना तिच्या आत कुठेतरी, फार खोल, एक धोंडा हलला. उद्या मोठ्या सरांसमोर उभं राहायचं. सगळं सांगायचं. नोंद काढायची. या चुकीला इथं तोंड फुटलं, इथंच ती मिटू दे.

ती तिसऱ्या मजल्यावर आली. मघाशी बंद असलेली दोन्ही दारं उघडी होती.

एका दारात एक तरुण बाई होती, दुसऱ्यात पिठाचे हात घेऊन एक पुरुष. वरून वास येत असणार, म्हणून बाहेर आली असतील, असं अक्काला वाटलं.

"वरच्या आजी गेल्या," ती म्हणाली.

"कळलं," बाई म्हणाली. "आमच्याकडे आत्ता येता, की उद्या?"

अक्का कठड्याला धरून खाली उतरली.

दुसऱ्या मजल्यावरची दारं उघडी होती. "घाई नाही, अक्का," तिथला म्हातारा हळूच म्हणाला. तिचं नाव या इमारतीत कुणालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. "आमचं माणूस अकरा वर्षं थांबलंय. आणखी चार दिवस थांबेल."

पहिला मजला. दारं उघडी. ती न बघता पुढे गेली.

तळमजल्याच्या दारात एक सत्तरीची बाई ओले हात पदराला पुसत उभी होती. चेहरा प्रेमळ, ओळखीच्या माणसाची वाट बघणाऱ्याचा असतो तसा.

"आमच्या आजेसासूबाई आहेत," ती म्हणाली.

रस्ता चार पावलांवर होता. तिथं ऊन होतं, माणसं होती. पण अक्का थांबली. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा होत्याच."

"तेव्हा तर कोश…" अक्का म्हणाली. "तेव्हा हा शब्दच नव्हता. कुणी पाजलं त्यांना?"

"ते आता कोण सांगणार? पाजणारीचं नावही राहिलं नाही." बाई दारातून बाजूला झाली, अक्काला आत जायला वाट करून दिली. "या ना. आजेसासूबाई आणि त्यांच्याही सासूबाई, दोघी जाग्याच आहेत."